जंप स्केअर नसलेले गेमच जास्त घाबरवतात

डार्क इंडी गेम (मोठ्या कंपनीशिवाय, एकट्याने किंवा छोट्या टीमने बनवलेले) म्हटलं की बऱ्याच जणांना अंधारातून अंगावर येणारं भूतच आठवतं. असं अचानक दचकवणं म्हणजे जंप स्केअर, मला तो प्रकार फार आवडत नाही, दचकणं वेगळं आणि भीती वाटणं वेगळं. जे गेम माझ्या डोक्यातून जातच नाहीत ते सगळे प्लेयरकडून काहीतरी काढून घेतात.

आयर्न लंगच बघा, 2022 चा, डेव्हिड शिमान्स्कीचा. रक्ताचा समुद्र, त्यात एक छोटीशी पाणबुडी, तुम्ही कैदी, आत कोंडून दार वेल्ड केलंय आणि समोरची खिडकीही बंद, म्हणजे बाहेरचं काही म्हणजे काहीच दिसत नाही!! नकाशा आणि आकडे बघत चालवायची, भिंत जवळ आली की सेन्सर बीप करतो, आणि बाहेर बघायचंच असेल तर मागे जाऊन बटण दाबायचं, मग एक धूसर दाणेदार फोटो येतो. बस. दोन फोटोंच्या मधल्या वेळात बाहेर काय चाललं असेल हे आपलं डोकंच रचत बसतं आणि खरी भीती तिथेच आहे. तासाभरात संपतो, आणि तेच बरोबर आहे, लांबवला असता तर सवय झाली असती.

पेपर्स, प्लीज (2013, लुकास पोप) मध्ये तर भूतच नाही. बॉर्डरवर बसून पासपोर्ट तपासायचे, बरोबर तपासलेल्या प्रत्येक माणसामागे 5 क्रेडिट (गेममधले पैसे), त्यातून घरच्यांचं जेवण, हीटिंग, औषधं. सुरुवातीलाच एक माणूस येतो, कागद ओके, जाताना म्हणतो मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. तिच्याकडे एंट्री परमिट नसतं. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांवर फक्त वॉर्निंग मिळते, त्यानंतर पैसे कापतात, त्यामुळे आपण हिशोब करायला लागतो की आजची दया परवडेल का. इथे काढून घेतलाय तो चांगलं वागण्याचा सोपा रस्ता, आणि शिक्का आपल्याच हाताने मारायचा असतो. कुठल्याही राक्षसापेक्षा हे जास्त लागलं मला.

माउथवॉशिंग (2024) चं सगळे कौतुक करतात, लिखाण खरंच जबरदस्त आहे, पण लपाछपीचे आणि पळापळीचे भाग मला कच्चे वाटले, ताण वाढण्याऐवजी नुसती चिडचिड होते. तरी कथेसाठी खेळाच.

आणि डार्कवूड, 2017. कॅमेरा वरून आहे पण समोरच्या तेवढ्याच पट्ट्यात काय चाललंय ते दिसतं, पाठीमागे काही उभं असलं तरी स्क्रीनवर येत नाही. रात्री दारं-खिडक्या फळ्यांनी ठोकून, कपाटं आडवी लावून खोलीत बसायचं आणि आवाज ऐकायचे. जंप स्केअर नाहीत, नुसतं बाजूच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज येतो आणि अंगावर काटा. हा हेडफोन लावूनच खेळा, स्पीकरवर निम्मा गेम ऐकूच येत नाही.