तुम्ही विचारलंत म्हणून: हुशार मुलांसाठी वेगळी सोय करणं न्याय्य आहे का?

हा प्रश्न माझ्याकडे दोन बाजूंनी येतो. काही जण विचारतात, "वर्गात इतकी मुलं मागे पडलेली असताना, जी आधीच पुढे आहेत त्यांच्यावर सरकारने आणखी खर्च का करायचा?" आणि काही जण, बहुतेकदा पालक, विचारतात, "मुलीला जे गेल्या वर्षीच येत होतं तेच वर्षभर गिरवायला लावतात, तिने काय पाप केलंय?" दोघांचंही म्हणणं खरं आहे, म्हणून हो किंवा नाही म्हणून मोकळं होता येत नाही. पण नजर कुठे ठेवायची ते सांगता येतं. पुढे गेलेल्या मुलाला अवघड गणित दिलं म्हणून कोणाचं काही हिरावलं जात नाही. अन्याय होतो तो दारात. कोणाला तपासायचं, कितीदा, कोणत्या वयात, कोणाशी तुलना करून, हे ठरतं तिथे. त्यानंतर, आत गेलेल्यांना जे मिळतं ते बाहेर राहिलेल्यांनाही का देऊ नये, याचं उत्तर नसतं तेव्हा.

दारापासून सुरू करू. बहुतेक ठिकाणी खरं तर दोन दारं असतात, आणि पहिलं कोणाच्या लक्षातही येत नाही. आधी शिक्षक किंवा पालक मुलाचं नाव सुचवतात, मगच चाचणी होते. समजा, खरोखर पात्र अशी 100 मुलं आहेत. शिक्षकांनी त्यातली 60 सुचवली. चाचणीही काही अचूक नसते, ती पात्र मुलांपैकी 80 टक्के ओळखते. 60 चे 80 टक्के म्हणजे 48. अर्ध्याहून जास्त पात्र मुलं बाहेर राहिली, आणि त्यातली 40 तर चाचणीच्या खोलीपर्यंत पोचलीच नाहीत. सगळ्यांची चाचणी घेतली असती तर 80 सापडली असती. चाचणी सुधारण्यावर पैसा आणि डोकं खर्च होतं, पण जास्त गळती तिच्या आधीच झालेली असते.

शिक्षकांच्या डोळ्यांपुढे कोण येतं? हात वर करणारं, वही पूर्ण असलेलं, अक्षर नेटकं असलेलं, शाळेचीच भाषा घरी बोलणारं मूल. सुटतं कोण? पाच मिनिटांत उत्तर काढून उरलेला तास खोड्या काढणारा मुलगा. घरी वेगळी भाषा बोलणारी, म्हणून वर्गात गप्प राहणारी मुलगी. वाचताना अडखळणारं, पण आकृत्यांच्या मालिकेत पुढची आकृती क्षणात सांगणारं मूल. यात शिक्षकांचा दुष्टपणा नाही. शाळेत उपयोगी पडणारे गुण आणि बुद्धीची झेप या दोन गोष्टी पुष्कळदा एकत्र दिसतात, म्हणून त्या एकच वाटायला लागतात.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लुईस टर्मन यांनी 1921 मध्ये प्रज्ञावंत मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला. सुमारे 1,500 मुलं निवडली गेली. तिथेही बऱ्याच मुलांसाठी पहिली पायरी शिक्षकांनी नाव सुचवण्याचीच होती. ज्यांची चाचणी झाली पण निवड झाली नाही, त्यांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ हे दोघे होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, एकाला 1956 मध्ये, दुसऱ्याला 1968 मध्ये. निवडलेल्यांपैकी मात्र कोणालाही ते मिळालं नाही. यावरून चाचण्या कुचकामी आहेत असा निष्कर्ष काढू नये, निवडलेली पुष्कळ मुलं उत्तम शिकली. पण एका आकड्याच्या रेषेवर मुलाचं भवितव्य टांगू नये एवढं तरी यातून नक्की निघतं.

ती रेषा जरा जवळून बघा, कारण बहुतेक चर्चा इथे घाईने पुढे जाते. समजा, अट आहे बुद्ध्यंक (आयक्यू) 130. चाचणी चांगली आहे, तिची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा घेतली तरी तसेच गुण येण्याचा भरवसा, 1 पैकी 0.90 आहे. तरीही एका वेळच्या गुणांमध्ये साधारण पावणेपाच गुणांची प्रमाणित चूक असते, म्हणजे मुलाच्या खऱ्या पातळीपासून गुण सहज एवढे वर-खाली होतात. झोप कमी झाली, एक पान उलटायचं राहिलं, एखादा प्रश्न नेमका ओळखीचा निघाला, एवढ्यानेही फरक पडतो. आता ज्या मुलाची खरी पातळी 135 आहे ते एका बैठकीत 130 च्या खाली येण्याची शक्यता जवळपास 15 टक्के आहे. ज्याची खरी पातळी 125 आहे त्याला 130 ओलांडण्याची शक्यताही तितकीच, 15 टक्क्यांच्या आसपास. पण या दुसऱ्या मुलाला तीनदा बसू दिलं आणि सगळ्यांत चांगला निकाल धरला, तर ती शक्यता 38 टक्क्यांच्या घरात जाते. सरावाचा फायदा यात धरलेलाच नाही. आणि तीनदा कोण बसू शकतं? ज्यांचे पालक खासगी मानसशास्त्रज्ञाची फी भरू शकतात ते. नियमात श्रीमंतांसाठी एक अक्षरही लिहावं लागत नाही. "फेरचाचणीचा अहवाल ग्राह्य धरला जाईल" एवढं वाक्य पुरतं.

म्हणून फेरचाचणी द्यायचीच असेल तर ती रेषेच्या आसपास आलेल्या प्रत्येकाला, शाळेच्याच खर्चाने द्यावी आणि निकालांची सरासरी धरावी. अनेक निकष वापरतानाही हेच भान हवं. "चाचणीत हवे तेवढे गुण आणि परीक्षेत हवे तेवढे गुण आणि शिक्षकांची शिफारस" अशी अट ऐकायला काटेकोर वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक "आणि" बरोबर चुकून वगळल्या गेलेल्या मुलांची भर पडते. "किंवा" वापरलं तर दार रुंद होतं आणि आत बऱ्याच वेगवेगळ्या गरजांची मुलं येतात, मग त्यांच्यासाठी वेगवेगळी तयारी ठेवावी लागते. सगळ्या निकषांच्या गुणांची सरासरी धरणं सगळ्यांत भरवशाचं, पण ती काढायला सगळे गुण सगळ्या मुलांचे हातात असावे लागतात. फिरून गोष्ट तिथेच येते: सगळ्यांना तपासा.

हे करून पाहिलेलं आहे. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या ब्रोवर्ड काउंटीत 2005 नंतर दुसरीतल्या प्रत्येक मुलाला शब्दांवर न बेतलेली, आकृत्यांची एक छोटी चाचणी दिली जाऊ लागली. ठरावीक गुण मिळाले की पुढची पूर्ण बुद्ध्यंक चाचणी. कोणी नाव सुचवण्याची गरज नाही, अर्ज नाही. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जिउलियानो या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. अंतिम पात्रतेचे निकष तेच असूनही कार्यक्रमात जाणाऱ्या गरीब आणि इंग्रजी न बोलणाऱ्या घरांतल्या मुलांचं प्रमाण 180 टक्क्यांनी वाढलं. ही मुलं आधीही तिथेच होती, त्याच बाकांवर. त्यांना कोणी तपासलं नव्हतं, एवढंच.

वय हा पुढचा मुद्दा. न्यूयॉर्क शहरात अनेक वर्षं चार वर्षांच्या मुलांची चाचणी घेऊन प्रज्ञावंतांचे वर्ग भरले जात. ती चाचणी 2021 मध्ये बंद झाली. चौथ्या वर्षी एकाच वर्गातल्या दोन मुलांत अकरा महिन्यांचं अंतर असू शकतं, म्हणजे त्यांच्या आयुष्याचा जवळजवळ चौथा भाग. घरातली पुस्तकं, मोठ्यांशी होणारं बोलणं यांचा वाटाही त्या वयात फार मोठा असतो. वयानुसार गुण जुळवून घेतले तरी मुलं पुढे एकसारख्या वेगाने वाढत नाहीत. सहाव्या वर्षी वरच्या फळीत असलेलं मूल अकराव्या वर्षी तिथे असेलच असं नाही, आणि उलटही. म्हणून दार एकदाच उघडून कायमचं बंद करणं ही माझ्या मते धोरणातली सगळ्यांत महाग चूक आहे. सिंगापूरने 1984 पासून तिसरीत चाचणी घेऊन सुमारे एक टक्का मुलं वेगळी काढली. 2024 मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी ती पद्धत बदलत असल्याचं जाहीर केलं. आता प्रत्येक प्राथमिक शाळेने आपल्या पुढे गेलेल्या मुलांसाठी सोय करायची आणि पुढच्या इयत्तांमध्येही प्रवेशाची संधी ठेवायची.

तुलना कोणाशी करायची हेही धोरणच ठरवतं. देशभरात वरचे तीन टक्के घेतले तर काही शाळांमधून वर्गच्या वर्ग जातो आणि काही शाळांमधून वर्षानुवर्षं एकही मूल जात नाही. प्रत्येक शाळेतले किंवा जिल्ह्यातले वरचे घेतले तर चित्र बदलतं. भारतातली नवोदय विद्यालयं याचं चांगलं उदाहरण आहे. 1986 च्या शैक्षणिक धोरणाने ती देशभर नेली, पहिल्या दोन शाळा झज्जर आणि अमरावतीच्या. स्पर्धा जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होते, किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, एक तृतीयांश मुलींसाठी. परीक्षा दोन तासांची, 80 प्रश्न, 100 गुण, आणि त्यातले निम्मे गुण बौद्धिक क्षमतेच्या आकृत्यांना. सहावीच्या प्रवेशासाठी मुलाला एकदाच बसता येतं, त्यामुळे पैसे खर्चून पुन्हा पुन्हा नशीब अजमावण्याची वाट बंद होते. दाराची रचना म्हणून यात पुष्कळ शहाणपण आहे. उणं आहे ते दुसऱ्या संधीत: पाचवीत हुकलेल्या मुलासाठी नववीत आणि अकरावीत रिकाम्या राहिलेल्या जागांपुरतंच दार किलकिलं होतं. आणि गावातल्या ज्या शाळेतून ते एक मूल गेलं, त्या शाळेत त्याच्या मागच्या तिघांसाठी काही बदलत नाही.

आता आत काय मिळतं ते. ए. हॅरी पासो या शिक्षणतज्ज्ञाने घालून दिलेली एक कसोटी मी नेहमी लावतो. प्रज्ञावंत मुलांसाठी म्हणून जे दिलं जातंय ते सगळ्या मुलांना आवडेल का, सगळ्यांना जमेल का, सगळ्यांना जमायला हवं का? उत्तर हो असेल तर ते निवडक मुलांपुरतं ठेवण्याचा कोणालाही अधिकार नाही. प्रयोगशाळा, सहली, वाचनालय, नाटक, प्रकल्प, चांगले शिक्षक हे सगळं या कसोटीवर सर्वांचं ठरतं. सातवीतल्या मुलाला दहावीचं बीजगणित देणं मात्र खरंच त्याच्यापुरतं आहे. ज्या कार्यक्रमात बहुतांश पहिल्या प्रकारच्या गोष्टी असतात तिथे प्रवेशासाठी झुंबड उडते, आणि ते अगदी स्वाभाविक आहे.

नावाजलेल्या शाळेत गेल्याने किती फरक पडतो, हेही तपासलं गेलंय. बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या शाळांमध्ये रेषेच्या जेमतेम वर आणि जेमतेम खाली राहिलेल्या मुलांची तुलना झाली. पुढच्या गुणांमध्ये दोघांत फारसा फरक आढळला नाही. ब्रोवर्डमध्येच वेगळ्या वर्गांचा अभ्यास झाला तेव्हा बुद्ध्यंकावर निवडलेल्या मुलांच्या गुणांत विशेष वाढ दिसली नाही. उरलेल्या जागांवर घेतलेली, परीक्षेत चांगले गुण असलेली कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाची) मुलं मात्र खूप पुढे गेली. मागे राहिलेल्या वर्गाचं नुकसान झाल्याचंही दिसलं नाही.

मग मुलं वेगळी काढावीत की नाही? कधी, कशी आणि किती काळ, यावर सगळं अवलंबून आहे. पश्चिम केनियात 121 शाळांमध्ये पहिलीचे दोन वर्ग केले गेले. काही शाळांत गुणांनुसार, काही शाळांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे. दीड वर्षानंतर गुणांनुसार केलेल्या वर्गांमधली वरची आणि खालची दोन्हीकडची मुलं पुढे होती, कारण शिक्षकाला समोरच्या मुलांच्या पातळीवर शिकवता आलं. पण तिथे शिक्षक चिठ्ठीने वाटले होते. चांगला शिक्षक वरच्या वर्गाला आणि नवखा खालच्या वर्गाला असं झालं नाही. एरवी शाळांमध्ये मात्र नेमकं तेच घडतं. आणि वेगळं काढणं शाळेच्या प्रकारापर्यंत गेलं, म्हणजे काही मुलं एका प्रकारच्या शाळेत आणि बाकीची दुसऱ्या प्रकारच्या शाळेत, की ते पक्कं होतं. फिनलंडने 1972 ते 1977 दरम्यान ही विभागणी 11 व्या वर्षावरून 16 व्या वर्षावर ढकलली. नंतरच्या अभ्यासात वडिलांच्या आणि मुलाच्या उत्पन्नातला संबंध 23 टक्क्यांनी सैल झाल्याचं आढळलं.

तेव्हा सुरुवात रोजच्या वर्गातून करावी, वेगळी इमारत लागत नाही. अपूर्णांकांचा घटक घ्या, तीन आठवड्यांचा. घटकाच्या शेवटी जी 20 गुणांची चाचणी घ्यायची, ती पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाला द्या. कोणाला द्यायची हे निवडायचं नाही, नाहीतर पुन्हा शिफारसच झाली. 17 किंवा अधिक गुण मिळवणारी मुलं निघतील. त्यांच्या चुका बघा. तिन्ही चुका हातचा घेऊन करायच्या मिश्र अपूर्णांकांच्या वजाबाकीत असतील तर त्या दोन तासांना त्यांनी वर्गात बसायचं, बाकीचे तास मोकळे. मोकळ्या तासांत त्याच प्रकारची आणखी पन्नास उदाहरणं देऊ नयेत. हुशार असण्याची ती शिक्षा होते, आणि पुढच्या वेळी मूल मुद्दाम तीन उत्तरं चुकवतं. त्याऐवजी पुढची गोष्ट द्यावी: एक छेद तीनचं दशांश रूप संपतच नाही आणि एक छेद आठचं संपतं, असं का? कोणते छेद असले की दशांश रूप संपतं, ते शोधा आणि सिद्ध करून दाखवा. हा प्रयोग बहुतेकदा फसतो तो तयारीच्या वेळेपायी. पन्नास मुलांच्या वर्गात तपासणी आणि पुढचं साहित्य शिक्षिकेने एकटीने करायचं म्हटलं तर दोन घटकांतच ते बंद पडतं. साहित्य घटकवार तयार करून शाळेला पुरवणं हे धोरणाचं काम आहे, आणि चाचणी केंद्र उभारण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

ब्रोवर्डची पुढची हकिगत सांगायची राहिली. मंदीनंतर खर्चात कपात आली तेव्हा सगळ्या मुलांची चाचणी बंद करण्यात आली आणि निवड पुन्हा शिफारशींवर गेली. प्रज्ञावंतांचा कार्यक्रम चालूच राहिला. गरीब घरांतल्या मुलांचं त्यातलं प्रमाण मात्र जिथून वाढलं होतं जवळजवळ तिथेच परत आलं.