तांब्याला सोंड का?

"मॅडम, तुम्ही म्हणे रोज रात्री खडूने चित्रं काढता. मग त्यांचं करता काय?"

पतसंस्थेच्या काउंटरवर पासबुक भरून घ्यायला आलेल्या काकू हे विचारतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली नणंद विचारते. एकदा तर बीपी मोजता मोजता नर्सने विचारलं. चित्रं काढण्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नसतं, सगळी मेख त्या 'करता काय'मध्ये असते. विकता का, प्रदर्शन भरवणार का, निदान फ्रेम करून हॉलमध्ये तरी लावता का? आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा ऐसपैस सांगते.

काहीही करत नाही. आणि काही करायचं नाही म्हणूनच मला ते जमतं.

मी ३१ वर्षं हिशेब बघते. आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेच्या बेरजा, जुळेना आणि फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल, तर कुणीतरी आकड्यांची उलटापालट केलीय असं समजायचं. ५४ चे ४५ लिहिले की फरक ९ चा, ७२ चे २७ लिहिले की ४५ चा. युक्ती फार कामाची, पण ती ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. मार्च एंडला मी रात्री साडेदहाला घरी यायचे आणि अंथरुणावर पडून समोरच्या कॅलेंडरातल्या आकड्यांना ९ ने भागत बसायचे. रस्त्यात गाड्यांचे नंबर दिसले तरी तेच. २०१९ च्या मार्चमध्ये बीपी १५०/९६ निघालं. डॉक्टर म्हणाले, गोळी घ्या, मीठ कमी करा आणि ताण घेऊ नका. जसा काही मी तो मंडईतून पिशवीत घालून आणत होते!

त्याच उन्हाळ्यात रंगकामासाठी माळा उतरवला. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात मुलाचे शाळेतले तेलखडू निघाले. काळा संपलेला, हिरव्याचे तीन तुकडे, आणि पांढरा कोरा करकरीत. कुठल्याही घरातली जुनी पेटी उघडून बघा, पांढऱ्याला कुणी हात लावलेला नसतो. डब्यातून मेणाचा असा वास आला की मी जमिनीवरच बसले आणि ठेकेदाराच्या कोटेशनच्या मागे चित्र काढायला लागले.

काय काढलं असेल? दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, डोंगरातून रुंद होत येणारी नदी, डावीकडे झोपडी, उजवीकडे नारळ. माझं माहेर माण तालुक्यातलं. नदीला पाणी आणि दारात नारळ, दोन्ही औषधालाही नव्हतं. तरी आठवीपर्यंत मी हेच काढत होते आणि ४८ व्या वर्षीही हात तिकडेच गेला. पक्षी काढायला विसरले होते, ते उठून परत येऊन काढले. वर बघितलं तर पाऊण तास गेला होता आणि मी एकाही आकड्याला भागलं नव्हतं.

आता आठवीपर्यंतच का, ते सांगते. १९८४ साली मी एलिमेंटरीला, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला, बसले. वस्तुचित्राला तांब्या, दोन वांगी आणि मागे घडी पाडलेलं फडकं. तांब्याचं तोंड वरून तिरकं बघितलं की लंबगोल दिसतं, आणि तो लंबगोल दोन्ही बाजूंनी सारखा यावा लागतो. माझा येईना. खोडून खोडून कागदाला लव आली. सी ग्रेड मिळाली, म्हणजे पासच झाले, पण शाळेत चित्रकलेच्या सरांनी माझा सरावाचा तांब्या वर्गात फिरवून दाखवला होता, तो काही डोक्यातून गेला नाही. सर वाईट नव्हते. त्यांना लंबगोल हवा होता, इतकंच. त्यानंतर मी नुसतं पाहत राहिले: मुलाच्या वह्या, भाचीची मेंदी, शेजारणीचा गालिचा. मला चित्रकला येत नाही, हे मी नाव-गाव सांगावं तशी सहज सांगायचे.

म्हणून आता तांब्या मुद्दाम काढते. वाकडाच काढते. त्याला कान काढते, कधी पाय, कधी सोंड. सोंड तांब्याला फार शोभते, करून बघा.

पण सगळ्यात जास्त गुंतते ती खरडचित्रात. शाळेत केलं असेल तुम्हीही. आधी कागद पिवळा, केशरी, गुलाबी असा मिळेल तसा भरायचा, आणि इतका दाबून की पांढरा ठिपका राहता कामा नये. मग त्या सगळ्या उजेडावर काळा फासायचा. इथे दम लागतो. मनगट भरून येतं, खडू गरम होऊन मऊ पडतो, त्याचे काळे किडे खालच्या पेपरभर होतात आणि एखादा हमखास गाऊनला चिकटतो. आमच्याकडे काळा सुटा मिळत नाही, त्यामुळे एका काळ्यापायी २५ रंगांची पेटी घ्यावी लागते. हा एवढाच माझ्या छंदाचा चैनीचा खर्च. शेवटी संपलेली रिफिल घेऊन ओढायचं. काळ्याखालून कुठे केशरी येईल, कुठे गुलाबी, आपल्याला आधी कळत नाही. ओढलेली रेघ खोडताही येत नाही. ज्या बाईने जन्मभर खाडाखोडीवर शेजारी सही केली, तिला त्यात किती मोकळं वाटत असेल, विचार करा.

लोक म्हणतात, लहान मुलासारखं निरागस व्हायला होत असेल ना? छे! लहान मुलं चित्र काढताना भयंकर गंभीर असतात, आणि दुसऱ्याने रेघ मारली तर बोचकारतात. मला त्यांची निरागसता नको आहे. मला त्यांचं एक आवडतं: चित्र संपलं की ते त्यांच्या लेखी संपलं. ते जपून ठेवणारे आपण असतो, आईबाप.

आणि हे काही परकं नाही. आई पहाटे सडा टाकून ठिपक्यांची रांगोळी काढायची. दुपारपर्यंत तिच्यावरून शेळ्या, सायकली, आम्ही, सगळे गेलेलो असू. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरं अंगण. चैत्रात तर चैत्रांगण. त्यातलं कासव म्हणजे एक गोळा आणि चार काड्या, हत्ती म्हणजे फुगलेली उशी, शेजारी फणी-करंडा, चंद्र-सूर्य, झोपाळ्यातली गौर. मोठ्या बायका अंगणात उकिडव्या बसून अगदी पोरासारखी चित्रं काढत आणि त्यांना कुणी विचारत नसे, याचं करता काय म्हणून. गंमत बघा, माझा मार्च एंड उरकतो तोवर चैत्र दारात आलेला असतो.

शास्त्राचा आधार हवा असेल तर तोही आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मार्कर, माती, चिकटकामाचे कागद दिले आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं. २०१६ साली निष्कर्ष छापून आले. सुमारे ७५ टक्के लोकांचं प्रमाण उतरलं, आणि आधी चित्रकला येत होती की नाही याने काही फरक पडला नाही. हे दुसरं वाक्य मी आमच्या फ्रिजवर लावणार होते. अर्थात माणसं थोडी, आणि नुसतं बसवून ठेवलेला तुलनेचा गट नाही, त्यामुळे फार उड्या मारू नयेत. मला तर ज्यांचं उतरलं नाही तीच मंडळी जवळची वाटतात. त्यांनाही कुणीतरी तांब्या काढायला लावला असेल.

माझी बीपीची गोळी चालूच आहे, हेही सांगून ठेवते. आणि महिनोन् महिने झोप, भूक, रडू यांचा मेळ बसत नसेल त्याने खडूंच्या नादी न लागता आधी डॉक्टर गाठावा.

घरी एक भिडू मिळालाय. आमचे हे एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झाले. सुरुवातीला लांबून बघायचे. डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक इंग्रज बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. मुलांना बोलतं करायला ते एक खेळ खेळायचे: एकाने डोळे मिटून वेडीवाकडी रेघ मारायची, दुसऱ्याने तिचं काहीतरी बनवायचं, मग पाळी बदलायची. एकदा लाइट गेले होते तेव्हा मी यांच्यापुढे कागद सरकवला. माझ्या रेघेची यांनी एस.टी. केली. दुसरीचीही एस.टी. तिसरी मुद्दाम गोगलगायीसारखी गोल मारली, तर म्हणाले, "ही घाटात वळणारी." ३६ वर्षांच्या संसारात त्या रात्री आम्ही पहिल्यांदाच किराणा आणि मुलाचा फोन सोडून तासभर काहीतरी बोललो. एस.टी.बद्दलच बोललो, पण बोललो.

तर, करता काय? रद्दीत घालायचे. मागच्या दिवाळीत रद्दीवाल्याने गठ्ठा हातात घेतला, एक कागद बोटाने चोळला आणि परत दिला. "ताई, हे मेणकट चालत नाही, नुसते पेपर द्या." आता मांडणीच्या फळ्यांवर तेच अंथरते. चांगले निघाले, पाणी पटकन आत शिरत नाही.

परवा भांडी लावता लावता मावशींनी कढई उचलली आणि कागदाकडे बघत राहिल्या.

"ताई, हा हत्ती व्हय?"

"तांब्या आहे."

"मग सोंड कशापायी?"

"मावशी, पाणी ओतायला."

त्यांनी मान डोलावली आणि कढई सोंडेवर ठेवली.