‘उद्या काळे करून ये’ म्हणण्याआधी

सुट्टी संपून शाळा उघडते आणि एखादी मुलगी तांबूस तपकिरी केस घेऊन वर्गात येते. ‘उद्या काळे करून ये, नाहीतर वर्गात बसायचं नाही’ असं फर्मान लगेच सुटतं. फर्मान काढणाऱ्यांना हे बूट बदलण्याइतकं सोपं काम वाटतं. पण बूट, टाय, रिबीन शाळेच्या दारात काढून ठेवता येतात. कायमचा रंग लावलेला केस मात्र वाढून कापला जाईपर्यंत डोक्यावरच राहतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे ३० सेंटिमीटर लांब केस पूर्ण मूळ रंगावर यायला दोन ते अडीच वर्षं लागतात. वेशभूषेच्या नियमांत केसांच्या रंगाचा विचार वेगळा व्हायला हवा तो यासाठीच.

रंग चढतो कसा, ते थोडक्यात. नळीतल्या क्रीममधला अमोनिया केसावरचे खवले फुगवून उघडतो. त्यात मिसळायचा डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, त्याची तीव्रता ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात: २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. ते आतलं मेलॅनिन, म्हणजे केसाला मूळ रंग देणारं द्रव्य, तोडतं, आणि रंगाचे बारीक रेणू आत शिरून एकमेकांशी जोडले जाऊन मोठे होतात, त्यामुळे धुऊन बाहेर पडत नाहीत. काळ्याभोर केसांवर निळा किंवा गुलाबी दिसायला हवा असेल तर आधी ब्लीच करावंच लागतं, म्हणजे मूळ रंग उडवावा लागतो. काळेपणा देणारं मेलॅनिन लवकर तुटतं, तांबूस छटेचं चिवट असतं. म्हणून अर्ध्यात थांबलेलं ब्लीच नारिंगी दिसतं. शिवाय टाळूच्या उष्णतेने मुळांशी काम भराभर होतं. मुळांना ब्लीच सगळ्यांत शेवटी लावायचं असतं. घरी करताना हेच चुकतं, आणि मुळं पिवळी, टोकं नारिंगी असा प्रकार होतो.

अशा केसांवर दुसऱ्याच दिवशी दुकानातल्या पाकिटातला काळा रंग थापला तर काय होतं? ब्लीच झालेला केस सच्छिद्र असतो. तो रंग अधाशासारखा ओढून घेतो आणि तसाच सोडूनही देतो. पिवळ्यापर्यंत उतरवलेल्या केसांवर थेट राखाडी छटेचा गडद रंग लावला तर हिरवट मळकट झाक येते, कारण खालचा तांबूस रंग उरलेलाच नसतो. काही आठवड्यांत काळा उडून गंजल्यासारखा तपकिरी दिसू लागतो आणि शाळेत पुन्हा तोच वाद. पुढे कधी तो काळा काढायचा झाला तर फिकट रंग लावून भागत नाही, पुन्हा ब्लीच लागतं. गडद करायचेच असतील तर आधी तांब्या-सोनेरी छटेचा थर द्यावा, मग मूळ रंगापेक्षा एक-दोन छटा फिकट असा तपकिरी रंग, अमोनियाविना आणि १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्क्यांच्या आतल्या डेव्हलपरने. थेट काळा कधीही नको. केस नारिंगीवरच थांबले असतील तर तांबूस थराची गरज पडत नाही.

पण माझा खरा आक्षेप केसांच्या पोताबद्दल नाही, त्वचेबद्दल आहे. कायमच्या गडद रंगांत बहुतेक वेळा पॅरा-फिनिलिनडायमिन, म्हणजे पीपीडी, असतं, आणि रंग जितका काळा तितकं त्याचं प्रमाण सहसा जास्त. युरोपीय संघात मिश्रण केल्यावर ते डोक्यावर २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि १६ वर्षांखालच्यांनी असा रंग वापरू नये अशी सूचना पाकिटावर छापावी लागते. रंग लावण्याच्या ४८ तास आधी त्वचेवर थोडासा लावून ॲलर्जीची चाचणी घ्या, असंही तिथे लिहिलेलं असतं. ‘उद्या’ या शब्दात ते ४८ तास बसतच नाहीत. शाळा ज्या वयाच्या मुलांना हा हुकूम देते, त्यातली बरीच मुलं त्या सूचनेच्याच वयाची असतात. यात्रेत, समुद्रकिनाऱ्यावर काढतात त्या ‘काळ्या मेंदी’च्या टॅटूतूनही पीपीडीची संवेदनशीलता येऊ शकते, तसा टॅटू पूर्वी काढला असेल तर धोका आणखी वाढतो. खाज, सुजलेल्या पापण्या, पाणी सुटलेली टाळू ही लक्षणं बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी दिसतात. एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा आयुष्यभर सुटत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. शाळेने रंग लावू नका असं म्हणणं एक वेळ समजू शकतं. मुलाच्या टाळूवर अमुक रसायन लावाच, असं म्हणायचा अधिकार शाळेला नाही.

‘फक्त नैसर्गिक रंग’ हे शब्द वाचायला सोपे, तपासायला अवघड. उन्हाने मेलॅनिन उडतं आणि लांब केसांची टोकं तपकिरी होतात. जलतरण तलावात रोज पोहणाऱ्यांचे केसही फिके पडतात. कोडाच्या डागावर पांढरी बट येते, कोवळ्या वयातही केस पिकतात, प्रथिनांची तीव्र कमतरता असली तर केस तांबूस होतात. जपानमध्ये ओसाकातल्या एका विद्यार्थिनीने २०१७ मध्ये दावा केला, की केस मुळातच तपकिरी असूनही शाळेने ते वारंवार काळे करायला लावले. २०२१ मध्ये न्यायालयाने तिला ३ लाख ३० हजार येन भरपाई दिली, पण ती वर्गातलं तिचं बाक आणि यादीतलं नाव काढून टाकल्याबद्दल. केसांचा नियम शाळेच्या अधिकारात बसतो, असंच निकालात म्हटलं. निकालाचा हा दुसरा भाग मला पटत नाही. टोकियो महानगराच्या सरकारी शाळांनी मात्र केस सरसकट काळे ठेवायला लावणारा नियम एप्रिल २०२२ पासून सोडून दिला. तिथल्या काही शाळा ‘केस मूळचेच असे आहेत’ असा दाखला मागत, कधी लहानपणीचा फोटोही. केसांच्या रंगासाठी मुलाने पुरावा आणायचा, ही कल्पनाच अपमानास्पद आहे.

नियम असलेल्या शाळेत शिकणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. केसांना लावायचे रंगीत खडू, मेण आणि स्प्रे एक-दोन धुण्यांत जातात, पण ब्लीच केलेल्या केसांत डाग धरू शकतात. स्प्रे ज्वालाग्राही असतो, तो लावून प्रयोगशाळेत बर्नरजवळ जाऊ नका. पेरॉक्साइडविना येणारा तात्पुरता रंग साधारण चार ते बारा धुण्यांत फिका होतो, मात्र काळ्या केसांवर तो जेमतेम झळकतो. शुद्ध मेंदी धुऊन जात नाही, उन्हात लालसर दिसते. हे लावण्याआधी लक्षात असू द्या. सगळ्यांत सोयीचा मार्ग म्हणजे फक्त टोकांचे पाच-सहा सेंटिमीटर रंगवणं. टाळूला रसायन लागत नाही, आणि नको झालं की कात्री आहे.

नियम लिहिणाऱ्यांनी कारणही लिहावं. प्रयोगशाळेत आणि यंत्रांजवळ केस बांधा, हा नियम कारणासकट उभा राहतो. रंगावर बंदी ठेवायचीच असेल तर ती सुट्टी लागण्यापूर्वी घरी कळवा, सुट्टीनंतर नव्हे. रंगवलेल्या केसांना पूर्ण सत्राची मुदत द्या आणि तोवर केस बांधून येण्याची मुभा ठेवा. ‘पुन्हा रंगवून या’ हे वाक्य नियमातून काढून टाका, शिक्षकाने कात्री हातात घेऊ नये हे त्यात घाला, आणि केसांच्या रंगापायी कुणाचा तास किंवा परीक्षा बुडणार नाही हे त्याच कागदावर लिहून द्या.