अखेर व्ही सापडला

माझ्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या क्रमांकाआधी इंग्रजी व्ही हे अक्षर आहे! काल रात्री दहापट भिंगाखाली, नळीच्या खालच्या सपाट पट्टीवर, २च्या डावीकडे तो दिसला आणि मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मागच्या नोंदी वाचलेल्यांना या एका अक्षरापायी चार महिने का गेले ते माहीत आहे. हे रिव्हॉल्व्हर युद्धातलंच आहे, पण पहिल्या नव्हे, दुसऱ्या महायुद्धातलं.

नव्याने आलेल्यांसाठी दोन ओळी. स्मिथ अँड वेसन मिलिटरी अँड पोलीस, पाच स्क्रूंचं, मुठीच्या तळावर २५८ हजारांतला क्रमांक, आधी अक्षर नाही. विकणाऱ्याने तक्त्यावर बोट ठेवलं होतं: १९०५चं मॉडेल, चौथा बदल, २४१७०४पासून पुढे, म्हणजे १९१५-१६. तक्ता चूक नाही. पण हीच मालिका १९४२मध्ये १० लाखांवर पोचली आणि मग कंपनीने व्ही हे अक्षर लावून पुन्हा १पासून मोजायला सुरुवात केली. म्हणजे २५८ हजार दोनदा येतात, एकदा अक्षराशिवाय आणि एकदा अक्षरासह, आणि दोघांत पाव शतकाहून जास्त अंतर. अक्षर पुसलं गेलं की वय तेवढ्याने चुकतं.

मला पहिल्यापासून खटकत होता तो एजेक्टर रॉडचा, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांड्याचा, गोंडा. १९१५च्या नगाला तो मोठा, छत्रीसारखा फुगीर हवा. माझ्याकडचा बारीक, सरळ, १९२७च्या सुमारास आलेल्या प्रकारचा. रॉड बदलता येतो, म्हणून तेवढ्यावर निकाल देता येत नव्हता. मुठीच्या तळाशी बुजवलेलं गोल भोक आहे, दोरीच्या कडीचं. तीही युद्धाआधी मागणीप्रमाणे बसवून मिळायची, त्यामुळे पुरावा अर्धाच. मुठीच्या लाकडी फळ्यांकडून आशा होती, कारण मूळ उजव्या फळीच्या आत क्रमांक असतो, पण या फळ्या नंतरच्या निघाल्या. योक, म्हणजे सिलिंडर ज्यावर बाहेर झुलतो तो भाग, उघडल्यावर आत दिसणारा आकडा मी मोजतच नाही. तो जुळणीचा क्रमांक, अनुक्रमांकाशी त्याचा काही संबंध नाही. तरी निम्म्या जाहिरातींत तोच छापलेला असतो, याचा मला मनापासून राग येतो.

मग नळीची पट्टी. सिलिंडर बाहेर काढला की रॉडच्या वर ती दिसते. तिथले सहा आकडे मी पहिल्याच आठवड्यात वाचले होते, तळाशी जुळत होते, म्हणून पुढे सरकलो. परवा एकदम सुचलं: कुणीतरी हे रिव्हॉल्व्हर पॉलिशच्या चाकावर घासून नव्याने निळं केलंय. युद्धातल्या नगांवरचा मूळ थर राखाडी, खरबरीत असतो. हे आरशासारखं चमकतं. मुठीच्या तळावरून चाक फिरलं असणार, पण या अरुंद पट्टीत चाक शिरत नाही. मग इथे २च्या आधी जो काळा डाग आहे तो डाग कशावरून? सुकून दगड झालेलं जुनं तेलही असू शकतं.

तेलाचे दोन थेंब सोडून एक दिवस तसंच ठेवलं. नंतर बांबूची काडी आणि सुती चिंधी, बाकी काही नाही. पितळी ब्रशसुद्धा मी अशा जागी वापरत नाही, आणि क्रमांक 'उठावदार' करण्यासाठी परत ठोकणाऱ्यांशी माझं कधीच जमणार नाही. त्याने वस्तूची साक्षच मरते, शिवाय अमेरिकेसारख्या देशात तो सरळ गुन्हा आहे. टॉर्च पट्टीला जवळजवळ आडवा टेकवला आणि व्हीची आधी डावी, मग उजवी रेघ उठली. त्या प्रकाशात सिलिंडरच्या वरच्या पट्टीवरही नजर गेली. ज्याला मी ओरखडे समजत होतो तिथे 'प्रॉपर्टी' या शब्दाची शेवटची चार अक्षरं आहेत. अमेरिकी सरकारच्या मालकीचा शिक्का!

म्हणजे १९४२-४३चं व्हिक्टरी, व्ही अक्षराचं युद्धकाळातलं मॉडेल. हे कळणं नुसतं हौसेपुरतं नाही. १९१९च्या आधीच्या सिलिंडरांना मजबुतीसाठीचा उष्णतेचा संस्कार नसे, त्यामुळे वर्ष चुकलं तर वस्तूबद्दलचे सगळेच अंदाज चुकतात.

इथे थांबून सरळ स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशनकडे पत्र मागवायचं ठरवलं होतं. कंपनीतून माल क्रमांकाच्या ओळीने कधीच बाहेर पडला नाही, त्यामुळे खरी पाठवणीची तारीख त्यांच्या नोंदीतूनच मिळते. पण लिहिता लिहिता बेत बदलतोय. नळी ४ इंचांची आहे, म्हणून मी अमेरिकी नौदलाचं धरून चाललो होतो. आत्ता पुन्हा पाहिलं तर नळीवरची अक्षरं मध्यावर नाहीत, तोंडाकडे सरकलेली आहेत, आणि पुढची माशी (नेम धरायचा उंचवटा) नळीतून घडवलेली नसून डाख देऊन बसवलेली आहे. ही नळी कापलेली आहे! मूळ ५ इंचांची असेल तर गिऱ्हाईक ब्रिटिश, आणि काडतूस .३८ स्पेशल नव्हे, आखूड .३८ एस अँड डब्ल्यू.

तपासायची रीत सोपी आहे. .३८ स्पेशलची रिकामी पुंगळी १.१५५ इंच लांब, दुसरी ०.७७५ इंच आणि किंचित जाड. लांब पुंगळी माझ्या सिलिंडरात पूर्ण आत बसते. म्हणजे एक तर सिलिंडर नंतर खोल केलाय, किंवा तो मुळात दुसऱ्याच रिव्हॉल्व्हरचा आहे. कॅलिपरच्या मापावर मी विसंबणार नाही, गोल भोकात तो फसवतो. मापाच्या दांड्या मागवल्या आहेत. मात्र सिलिंडरच्या मागच्या तोंडावरचा क्रमांक माझा नाही: व्हीच, पण ४१२ हजारांतला. हे मी आधीच्या नोंदीत 'अस्पष्ट' म्हणून सोडलं होतं.

त्यामुळे पत्र पुढच्या महिन्यात. आधी फ्रेमवर बाणाच्या, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्या लष्करी मालकीच्या, खुणा शोधतो: सीमध्ये बाण असेल तर कॅनडा, यूमध्ये असेल तर दक्षिण आफ्रिका, दोन डींच्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलिया. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या शस्त्र कारखान्यात यांची पूर्ण दुरुस्ती होऊन एफटीआरचा शिक्का बसायचा, आणि तिथे सिलिंडर बदलला गेला असेल तर सगळंच जुळतं.

तुमच्यापैकी कुणाकडे ४१२ हजारांतलं व्हिक्टरी असेल तर एवढं करा: रिकामं असल्याची खात्री करून सिलिंडर उघडा, मागचं तोंड पुसा आणि तिथला आकडा तळाशी जुळतो का ते बघा. तिथे २५८ने सुरू होणारा क्रमांक निघाला तर मला लगेच कळवा.