तुम्ही विचारलंत म्हणून: नागपूर सोडून समुद्राकाठी घर घ्यावं का?

"काम घरूनच आहे, पगार मुंबईच्या कंपनीचा आहे, मग नागपूरच्या उन्हात कशाला तळायचं? दापोली, मालवण, नाहीतर गोव्याकडे घर घेतलं तर? राहणंही होईल आणि भाव वाढला तर पैसाही होईल." पारा 43 वर गेला की मनीषनगरपासून बेसा-बेलतरोडीपर्यंत कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

राहायला जरूर जा. पण पहिलं वर्ष भाड्यानं राहा. आणि विकत घ्यायचंच ठरलं, तर उद्या कंपनीनं ऑफिसात बोलावलं तरी अंगावर येणार नाही, एवढ्याच रकमेचं घ्या. कंपनीचं पत्र महिना-दोन महिन्यांची मुदत देतं. किनाऱ्यावरचं घर विकायला काढलं तर दोन वर्षं सहज जातात. ही दोन घड्याळं जुळत नाहीत, आणि माणूस नेमका तिथेच अडकतो.

आकडे मांडून बघू. समजा 60 लाखांचं घर आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 ते 75 लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच पैसे मिळतात, म्हणजे कर्ज 48 लाख आणि पदरचे 12 लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे साधारण 4 लाख वेगळे, ते कर्जात धरत नाहीत. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता होतो 41,650 रुपयांच्या आसपास, आणि पहिल्या वर्षी त्यातले 4 लाखांवर रुपये नुसत्या व्याजात जातात. तेच घर तुम्हाला 14,000 रुपये भाड्यानं मिळत असेल, तर वर्षाचं भाडं झालं 1 लाख 68 हजार, म्हणजे किमतीच्या 2.8 टक्के. देखभाल धरली तर भाव दर वर्षी चार-पाच टक्के वाढला, तरच तुम्ही बरोबरीत येता. वर दोन वर्षांनंतर विकलं तरी नफ्यावर 12.5 टक्के कर आहेच.

भाव वाढेल का, हे बघताना गिऱ्हाईक कोण ते बघा. बेशातला फ्लॅट घेणारा बहुतेक नागपुरातच नोकरी करणारा असतो, त्याला घराची गरज असते. दापोलीतलं घर घेणारा मुंबई-पुण्याचा असतो, आणि त्याच्यासाठी ते दुसरं घर असतं. हात आखडायची वेळ आली की माणूस पहिल्यांदा दुसरं घर टाळतो. अलिबागचं गणित वेगळं, तिथे मुंबईचा पैसा जवळ आहे आणि 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू सुरू झाल्यावर तो आणखी जवळ आला. पण तो भाव आधीच जमिनीत मिसळलेला आहे. सिंधुदुर्गात सध्या शेजारच्या गोव्यातला मोपा विमानतळ आणि शक्तिपीठ महामार्ग यांच्या नावानं प्लॉट विकले जातात. मोपा जानेवारी 2023 पासून खरोखर चालू आहे, त्याचा फायदा मोजता येतो. शक्तिपीठ, म्हणजे पवनार ते पत्रादेवी हा रस्ता, मात्र नियोजनातला आहे. नकाशावरच्या रेघेसाठी आज जास्त पैसे मोजू नका.

आता भाड्याचं वर्ष. करार 11 महिन्यांचा असला तरी नोंदवूनच घ्या, महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्यानंच बंधनकारक आहे. डिसेंबरात जाऊन राहण्यात काही अर्थ नाही, डिसेंबरात कोकण कुणालाही आवडतं. जून ते सप्टेंबर राहा आणि नंतरचा मे महिना राहा. नागपुरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, कोकणात अडीच ते साडेतीन हजार. कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, लॅपटॉपच्या पोर्टवर हिरवट थर बसतो. आणि आपला कूलर तिथे उपयोगाचा नाही. कूलर चालतो तो कोरड्या हवेत पाणी उडून जातं म्हणून. जिथे हवाच ओली, तिथे तो खोली आणखी दमट करतो. म्हणजे एसी आला आणि त्याचं बिल आलं. खाऱ्या हवेनं बाहेरच्या युनिटची जाळी लवकर सडते, तेही धरून चला.

इंटरनेटचं वचन गावाला मिळतं, तुम्हाला ते टेबलापाशी लागतं. कोकणात जुनी घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. ती जाड भिंत वायफाय आणि मोबाइलचा सिग्नल दोन्ही खाते. ओसरीवर चार कांड्या दिसल्या म्हणून फसू नका, ज्या खोलीत बसून काम करणार तिथेच तपासा. डाउनलोडचा आकडा सगळे दाखवतात, तुम्ही अपलोड बघा: एका व्हिडिओ कॉलला निदान 3 ते 4 एमबीपीएस मोकळं हवं. ऑफिसचा व्हीपीएन लावून पिंग, म्हणजे जोडणी तपासायचा छोटा संदेश, 200 वेळा मारा. शंभरात एकापेक्षा जास्त संदेश हरवत असेल तर आवाज तुटणारच. हे रात्री 8 ते 10 मध्ये एकदा आणि भर पावसात एकदा करा. दोन जोडण्या ठेवा, पण दोन्ही फायबर नकोत. एकाच खांबावरून आलेल्या दोन केबल एकाच फांदीनं तुटतात. एक फायबर आणि दुसऱ्या कंपनीचा सिमवरचा राउटर, हे बरं.

विजेचा हिशेबही मांडून ठेवा. 150 अँपिअर-अवरच्या 12 व्होल्ट बॅटरीत कागदावर 1,800 वॅट-अवर असतात, हाती येतात 1,100 ते 1,200. लॅपटॉप 60 वॅट, राउटर आणि फायबरचा डबा मिळून 20, साधा पंखा 70, दिवा 10, झाले 160. सात तास निघतात. पंखा बीएलडीसी घेतला तर तो 30 वॅटवर येतो आणि साडेनऊ तास मिळतात. पण तुमचा इन्व्हर्टर चालू राहून मोबाइलच्या टॉवरची बॅटरी संपली तर काय? 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. अशा वेळी काम कुठून करणार, जवळच्या कोणत्या शहरात खोली मिळेल, हे आधी ठरवून ठेवा. कंपनी एक दिवस समजून घेते, तीन आठवडे नाही.

मे महिना राहायला सांगतो तो पाण्यासाठी. विहीर डिसेंबरात काठोकाठ असते आणि पाणी गोड लागतं. मे महिन्यात गोड्या पाण्याची पातळी खाली गेली की खाडीकडचं खारं पाणी जमिनीतून आत सरकतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतं. पिण्याच्या पाण्याला 500 पर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 ही शेवटची हद्द. मे अखेर, शेजाऱ्याच्या विहिरीतही मीटर बुडवून बघा. शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे तेही मोजा. 18 मीटर तरी हवा, कारण जांभा दगड सच्छिद्र असतो आणि त्यातून पाणी झिरपतं.

आता कागद. इथे नागपूरकर हमखास गडबडतो, कारण आपल्याला सवय आहे "आरएल आहे का?" विचारायची. नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित असल्याचं पत्र, दाखवलं की निम्मी काळजी मिटते. कोकणात तसा कागद नाही. तिथे सातबारा वाचावा लागतो, आणि तो वाचायला वेळ द्यावा लागतो.

डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो. भोगवटादार सदरात वीस-पंचवीस नावं दिसली तर दचकू नका, कोकणात ते नेहमीचंच आहे. आजोबांच्या नावची जमीन, वारस मुंबईत, दोघे-तिघे मयत आणि त्यांची वारसनोंदच नाही. त्यातला एकजण "माझा हिस्सा देतो" म्हणतो. तो हिस्सा विकू शकतो, पण समुद्राकडची ती विशिष्ट जागा दाखवून विकू शकत नाही, कारण वाटपच झालेलं नाही. आधी वारसनोंदी, मग सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदारांकडून जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 चं वाटप, मग भूमी अभिलेखची मोजणी आणि तिची क प्रत (मोजणीचा नकाशा), आणि त्यानंतर खरेदीखत. हा क्रम उलटा केला की पुढची दहा वर्षं दिवाणी कोर्टात जातात.

इतर हक्काचा रकाना तर शब्दन् शब्द वाचा. कुळाची नोंद असेल, किंवा कुळकायद्यानं मिळालेली जमीन असून कलम 43 चा शेरा असेल, तर थांबा. कुळाला जमीन मिळून 10 वर्षं झाली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) 40 पट रक्कम सरकारात भरून विक्री होऊ शकते, पण ती भरल्याची पावती आणि तसा फेरफार बघायला मागा. "खाजगी वन" हा शेरा असेल तर तिथे घर बांधायचं विसरा. सिंधुदुर्गात आणखी दोन शब्द भेटतील, आकारीपड (सारा थकल्यानं सरकारजमा झालेली जमीन) आणि वनसंज्ञा (वन म्हणून धरलेली जमीन). हे शेरे कमी करून देतो असं एजंट सांगतो. त्यानं आधी कमी करून आणावेत, मग बोलू.

शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरीच लागतो. विदर्भात तुमच्या स्वतःच्या नावावर सातबारा असेल तर तहसीलदारांकडून शेतकरी असल्याचा दाखला काढून ठेवा. वडिलांच्या नावावर आहे एवढ्यावर भागेल असं धरू नका, आधी तहसीलमध्ये विचारा. शेतकरी नसाल तर बिनशेती झालेलाच प्लॉट बघा. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण पुन्हा पुन्हा लोक तिच्यावर पैसे देतात. प्लॉटिंगची योजना 500 चौरस मीटरच्या वरची असेल तर तिला महारेराचा क्रमांक लागतोच.

समुद्र दिसतो म्हणून भाव जास्त, आणि समुद्र दिसतो म्हणूनच सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत हा पट्टा चालतो. गावाची लोकसंख्येची घनता 2011 च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला 2,161 पेक्षा कमी असेल, आणि कोकणातली बहुतेक गावं तशीच आहेत, तर पहिल्या 200 मीटरमध्ये नवं घर बांधता येत नाही. जुनं अधिकृत घर असेल तर आहे त्याच चौथऱ्यावर, आहे तेवढ्याच चटईक्षेत्रात दुरुस्ती होते. खाडीकाठी हा पट्टा 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. आणि भरतीरेषा म्हणजे तुम्ही गेलात त्या दिवशी लाट आली ती जागा नव्हे. सर्व्हे नंबर 1:4000 च्या मंजूर किनारा नकाशावर बसवून घ्यावा लागतो.

गोव्यात सातबाऱ्याच्या जागी नमुना 1 व 14 असतो आणि बांधकामासाठी सनद (बिनशेतीची परवानगी) आणि सेटलमेंट झोन (वस्तीसाठी राखलेला पट्टा) लागतो. मोठा फरक लग्नाचा आहे. तिथल्या पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात, त्यामुळे विकणाऱ्या प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. एक सून परदेशात असली तरी खरेदी अडते. भातशेतीवर तर नजरच टाकू नका, 2023 च्या कायद्यानं ती बिगरशेतकऱ्याला मिळत नाही.

बांधलेलं घर घेत असाल तर स्लॅबच्या खालची बाजू बघा. गंजाचे तपकिरी पट्टे, सळईच्या रेषेत गेलेला तडा, फुगलेला गिलावा, ही खाऱ्या वाळूची किंवा कमी कव्हरची खूण. नागपुरात सळईवर 20 मिलिमीटर काँक्रीट चालून जातं. किनाऱ्यावर आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे 45 मिलिमीटर आणि किमान एम 30 ग्रेडचं काँक्रीट हवं, लाटांचे तुषार येत असतील तर 50 आणि एम 35. स्वतः बांधत असाल तर वाळू खाडीची आहे का विचारा. मूठभर वाळू स्वच्छ, शक्यतो डिस्टिल्ड पाण्यात ढवळा, पाणी निवळू द्या आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. पाणी दुधाळ झालं तर वाळूत मीठ आहे, गाडी परत पाठवा.

आईवडील नागपुरात राहणार असतील तर अंतराचाही विचार हवा. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरवर, भिवंडीजवळ आमणेला सोडतो, कोकण त्यानंतर सुरू होतं. मडगावला जाणारी गाडी विशेष म्हणून मुदतवाढीवर चालत आली आहे. रात्री फोन आला तर सकाळी पोचता येईल का, हे घर बघायच्या आधी पाहा.

आणि हे सगळं पटून जागा आवडलीच, तर इसारचिठ्ठी करताना रक्कम छोटी ठेवा आणि चिठ्ठीत चार अटी लिहून घ्या: मालकीचा 30 वर्षांचा शोध अहवाल स्वच्छ आला पाहिजे, स्थानिक वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीनंतर 15 दिवसांत हरकत येता कामा नये, मोजणीत क्षेत्र आणि येण्याजाण्याचा रस्ता जुळला पाहिजे, आणि यातलं काहीही चुकलं तर इसार पूर्ण परत. रस्त्याचं विशेष सांगतो. गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) जाणारी पाणंद आज सगळे वापरतात, पण तिची नोंद कुठेच नसेल तर पुढे ती कुणीही अडवू शकतं. विकणारा या अटी लिहून द्यायला तयार नसेल तर परतीचं तिकीट काढा.