फार्गोची सोयाबीन बघायला जाताय? एजंटला पैसे देऊ नका

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात फार्गोजवळ लोह न मिळाल्याने पिवळी पडणारी सोयाबीन बघून आलोय, अंग अजून दुखतंय. आधी हे सांगतो, 'सॉईल फर्टिलिटी टूर' म्हणून माणशी ४०० डॉलर मागणाऱ्या एजंटला सरळ नाही म्हणा. आम्हाला धान्याचं गोदाम अन् ट्रॅक्टरचं शोरूम दाखवलं, वर म्हणे इथली काळी माती सोनं आहे, काही टाकावंच लागत नाही! एनडीएसयूच्या (तिथल्या राज्य विद्यापीठाच्या) संशोधन केंद्रांचे फील्ड डे जुलैत असतात, फुकट, कुणीही जा.

मग भाड्याची गाडी काढली. आय-२९ हायवे मस्तच, पण पाऊस झाला असेल तर शेतांमधल्या कच्च्या रस्त्यावर अजिबात उतरू नका. जुन्या ॲगासिझ सरोवराच्या तळाची चिकणमाती आहे ती, चाकाला चिकटली की चाक फिरतच नाही, मॅप रस्ता दाखवतं पण खडी आहे का ते सांगत नाही. टोइंगवाल्याने अव्वाच्या सव्वा घेतले, तोवर डासांनी फोडून काढलं.

पण जिथे फसलो तिथलंच सोयाबीन पिवळंधमक, शिरा तेवढ्या हिरव्या, आणि ट्रॅक्टरची चाकं गेलेल्या पट्ट्यात मात्र झाडं हिरवीगार! शेतमालक आला, त्याने सांगितलं, मातीत लोह भरपूर आहे पण चुनखडी अन् क्षारांमुळे झाडाला मिळत नाही, माती गार-ओली असली की अजून वाईट, आणि मातीत शिल्लक राहिलेल्या नायट्रेटने (नत्राने) पिवळेपणा वाढतो. चाकाखाली माती दबते, तिथलं नायट्रेट उडून जातं, म्हणून ते पट्टे हिरवे. त्यामुळे तो युरिया टाकतच नाही, नवीन रानात फक्त बियाण्याला रायझोबियम (हवेतलं नत्र झाडाला देणारे जिवाणू) लावतो. आधी सहनशील वाण, मग दोन ओळींमधलं अंतर जास्त, आणि अगदीच खराब तुकड्यात पेरतानाच बियाण्याच्या ओळीत ईडीडीएचए चिलेट (झाडाला घेता येईल असं बांधून ठेवलेलं लोह), कारण ते महाग. लोहाच्या फवारणीवर त्याचा भरवसा नाही. ईडीटीएवालं चिलेट चुनखडीत टिकत नाही, आपल्याकडं लातूर-परभणीत दुकानदार तेच गळ्यात मारतात, डबा वाचून घ्या.

जायचं तर जून अखेर ते जुलै मध्य, नंतर पीक हिरवं होतं, बघायला काय उरत नाही. विचारल्याशिवाय रानात शिरू नका, बुटांवर प्लास्टिक कव्हर घाला, सिस्ट निमॅटोड (सोयाबीनच्या मुळांवरचा सूत्रकृमी) मातीतून पसरतो म्हणून तिथले शेतकरी भडकतात. मातीचा नमुना बॅगेत टाकून आणायचं डोक्यातून काढा, परमिटशिवाय भारतात चालत नाही.