खालच्या बाल्कनीतला धूर आणि कार्ल्सरूहचं घड्याळ

हानोवरच्या आमच्या इमारतीत बाल्कन्या एकावर एक रचलेल्या आहेत. आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ घरात कधीच सिगारेट ओढत नाहीत. पडदे पिवळे पडतात म्हणे! म्हणून ते दर वेळी बाल्कनीत येतात, निवांत उभे राहतात आणि वारा पडलेला असला की त्यांचा धूर सरळ वर चढून आमच्या बेडरूममध्ये मुक्कामाला येतो. पडदे वाचतात त्यांचे, उशांना वास आमच्या.

मग खिडकी बंद ठेवायची, असं तुम्हाला वाटेल. पण जर्मनीत खिडकी उघडणं ऐच्छिक नाही. इथली घरं थंडीसाठी इतकी घट्ट बांधलेली असतात की आंघोळीची, स्वयंपाकाची, श्वासाची वाफ आतच कोंडते आणि भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. बुरशी दिसली की घरमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला : तुम्ही हवा खेळती ठेवत होतात का? त्यामुळे भर हिवाळ्यातसुद्धा दिवसातून तीन-चार वेळा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं घर वाऱ्यावर सोडायचं, असा रिवाज आहे. कित्येक भाडेकरारांत तसं लिहिलेलंही असतं. थोडक्यात, बंद ठेवली तर बुरशी आणि उघडली तर धूर.

आई इथे राहायला आली होती तेव्हा तिने दोन दिवसांत निकाल दिला, "अगं, जाऊन सांग ना सरळ, बाबा रे, आत बसून ओढ!" सांगायला हरकत काहीच नव्हती, पण सांगण्याआधी आपली बाजू किती भक्कम आहे ते पाहावं म्हणून मी वाचायला बसले. इमारतीच्या नियमावलीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी ड्रिल मशीन बंद, जिन्यात चपलांचं कपाट ठेवू नये, असं सगळं आहे. धुराबद्दल एक ओळ नाही. भाड्याच्या घरात सिगारेट ओढणं हा घराचा रीतसर वापरच मानला जातो आणि बाल्कनी हा घराचाच भाग. धूम्रपानबंदीचे कायदे रेस्तराँ, कार्यालयं, रेल्वे यांच्यापुरते. आपल्याकडे 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी बंदी आहे, तीही उंबरठ्यापाशीच थांबते, तसंच हे.

मग सापडला कार्ल्सरूह शहरातल्या संघीय न्यायालयाचा निकाल. ब्रांडेनबुर्ग राज्यातल्या प्रेम्निट्स या गावात एक जोडपं पहिल्या मजल्यावर राहायचं आणि तळमजल्यावरचं जोडपं बाल्कनीत सिगारेटी ओढायचं. दिवसाला वीसपर्यंत, असं वरच्यांचं म्हणणं. कनिष्ठ न्यायालयांनी, दोन्ही वेळा, वरच्यांचा दावा फेटाळला. प्रकरण कार्ल्सरूहच्या संघीय न्यायालयात गेलं आणि 16 जानेवारी 2015 रोजी न्यायालयाने तो निकाल रद्द केला. म्हणणं असं, की वरच्या भाडेकरूला धुराविना बाल्कनी वापरण्याचा हक्क आहे आणि खालच्याला आपल्या बाल्कनीत सिगारेट ओढण्याचा हक्क आहे. दोघांचेही हक्क खरे, तेव्हा वेळा वाटून घ्या. अमुक तास धूर नाही, अमुक तास चालेल. मात्र त्रास खरोखर जाणवण्याजोगा हवा. अधूनमधून एखादी झुळूक आली तर कोर्टात यायचं काम नाही. पुढे 2017 मध्ये डॉर्टमुंडच्या न्यायालयाने एका अशाच भांडणात दिवसाचे तीन-तीन तासांचे तुकडे करून आळीपाळीने वाटून दिले.

वाचून मला आधी संतापच आला. म्हणजे माझ्या फुप्फुसांनी वेळापत्रक पाळायचं? शिवाय न्यायालयाने उघड्या हवेतला धूर आरोग्याला घातक नसतो, असं गृहीत धरलं आहे. तुम्हाला घातक आहे हे सिद्ध करायचं तर ते तुम्ही करा. हा भाग मला आजही पटत नाही. सिगारेट विकणारी मशीनं इथे अजून रस्त्यावरच्या भिंतींना टांगलेली आहेत, या धंद्याच्या मोठ्या फलकांवर बंदी आली ती 2022 मध्ये. तंबाखूच्या बाबतीत हा देश शिस्तप्रिय बिस्त नाही, चांगलाच लाडावलेला आहे.

पण वेळापत्रकाचा एक फायदा मात्र खालच्यांचं दार वाजवताना कळला. "सिगारेट ओढू नका" म्हणायला गेलं की माणूस आपल्या आयुष्याचा बचाव करू लागतो. "कधी ओढता?" विचारलं की तो फक्त घड्याळ बघतो. मी "हेर", म्हणजे श्रीयुत, अमुक-तमुक असं आडनावानेच बोलले. इथे शेजाऱ्यालाही वर्षानुवर्षं "आपण" म्हणतात. सकाळी आम्ही हवा घेतो ती वेळ आणि रात्री दहानंतरची, एवढंच मागितलं. कोर्टाचं नाव काढलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ठीक. पण तुमच्याकडून संध्याकाळी जो तळल्याचा वास येतो, त्याचं काय?"

फोडणी! मोहरी-हिंगाने कुणाचा दमा वाढल्याचं मी ऐकलं नाही, तेव्हा ही तुलना काही बरोबर नव्हती. पण वाद घालायची ती वेळही नव्हती. फोडणीच्या वेळी बाल्कनीचं दार लावायचं मी कबूल केलं, त्यांनी माझ्या दोन वेळा कबूल केल्या, आणि हे त्यांनी खरोखरच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं. बहुतेक दिवस पाळतातही. पाहुणे आले की नाही पाळत.

बाथरूमची गोष्ट वेगळी. आमच्या बाथरूमला खिडकी नाही, जाळीमागे सगळ्या मजल्यांची हवा वर नेणारा एकच सामायिक मार्ग आहे. हिवाळ्यात कुणीतरी तिथे सिगारेट ओढतं आणि तो वास आमच्या टॉवेलांना लागतो. कोण ते अजून कळलेलं नाही. आमच्याच स्वयंपाकघरातला पंखा त्याला आत ओढत होता, हे बऱ्याच उशिरा लक्षात आलं. पंखा हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी आणि घट्ट घरात ती येते बाथरूमच्या जाळीतून नाहीतर मुख्य दाराच्या फटीतून. आता पंखा लावला की स्वयंपाकघराची खिडकी किंचित उघडते, दाराखाली रबराची पट्टी लावली आहे आणि जाळीमागची उलटी हवा अडवणारी झडप दुरुस्त करा, असं घरमालकाला लेखी कळवलं आहे. उदबत्ती किंवा सुगंधी फवारे याच्या वाटेला जाऊ नका, धुरात धूर. एअर प्युरिफायर घेणार असाल तर नुसता हेपा फिल्टर कण पकडतो, वास देणारे वायू नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचा भरपूर थर लागतो आणि तो संपला की बदलावा लागतो.

त्यात 1 एप्रिल 2024 पासून प्रौढांना घरी गांजा ओढायची मोकळीक मिळाली आहे. समोरच्या इमारतीतल्या मुलांनी ती मनावर घेतली आहे. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

इथे नव्याने राहायला आलेल्यांसाठी एक सांगते. धुरापायी भाडं कापता येतं. हांबुर्गच्या न्यायालयाने 2012 मध्ये खालच्या बाल्कनीतल्या धुरासाठी पाच टक्के कपात मान्य केली होती. पण स्वतःच्या मनाने कापू नका, कारण कपात चुकीची ठरली तर ती थकबाकी होते आणि दोन महिन्यांच्या भाड्याएवढी थकबाकी झाली की घर सोडायची नोटीस येऊ शकते. आधी तारीख, वेळ आणि धूर किती वेळ टिकला याची वही ठेवा, घरमालकाला लेखी कळवा, आणि ती वही घेऊन भाडेकरूंच्या संघटनेत, म्हणजे मीटरफेराइनमध्ये जा. वर्गणी फारशी नसते आणि सल्ला वकिलाचा मिळतो. फक्त भांडण पेटल्यावर सदस्य होऊ नका. त्यांच्यामार्फत मिळणारा कोर्टखर्चाचा विमा बहुधा पहिले तीन महिने लागूच होत नाही, आणि आधीपासून चालू असलेल्या भांडणाला तर नाहीच.